राखीव पाणी

प्रमिलाताई सबनीस पाणी ओतत असताना बोलत नसत. कळशीतून डब्यात धार पडत असेपर्यंत दारात कोणीही येवो, त्या मान वर करत नसत. डबा गळ्यापर्यंत भरला, झाकण घट्ट बसले, डबा आडवा करून एक थेंबही गळत नाही याची खात्री झाली, की मग पदराला हात पुसत त्या म्हणत, "हं, बोल आता." नव्या माणसाला हा उद्धटपणा वाटे. मलाही तो पहिल्या दिवशी तसाच वाटला होता. पुढे कळले, की त्या मनात आकडे म्हणत असत. धार किती वेळ चालली यावरून डब्यात किती पाणी गेले ते त्यांना समजे, आणि त्यावरून त्यात निवळीचे थेंब किती घालायचे ते ठरे. निवळी म्हणजे ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून, गाळ खाली बसू दिल्यावर वर राहिलेले नितळ पाणी. ते त्या एका तपकिरी बाटलीत ठेवत. "नाकाला कळलं पाहिजे, जिभेला कळता कामा नये," असे त्याचे प्रमाण त्या सांगत.

त्यांच्याविषयी मी लिहावे की नाही, याचा विचार करण्यात बरीच वर्षे गेली. आता माझी पन्नाशी उलटून गेली आहे. जे सांगायचे आहे ते मी याआधी दोनदा सांगितले आहे. ही तिसरी वेळ.

शहाऐंशी साली आम्ही बदलापुरात, कुळगावच्या बाजूला, एका चार मजली इमारतीत राहायला गेलो. मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नकाशे काढण्याच्या कामावर होतो. तिसऱ्या मजल्यावर आमच्या भिंतीला भिंत लागून ताईंचे घर होते, एक खोली आणि एक स्वयंपाकघर. त्या अंबरनाथच्या एका कामगार दवाखान्यात परिचारिका होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. एकट्या राहत. लग्न झाले होते, असे कोणी सांगत. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत आणि विचारण्याची कोणाची छाती नव्हती.

आम्ही सामान लावत असताना त्या आल्या, त्या हातात लांब दांड्याचे पितळी ओगराळे घेऊन. माझ्या पत्नीने, सुनंदाने, बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत.

"आधी पाणी कुठं भरलंयस ते दाखव."

न्हाणीतल्या पिंपात मी तांब्या बुडवत होतो. मनगटापर्यंत हात पाण्यात.

"हात बाहेर," त्या म्हणाल्या.

"स्वच्छ आहे हो हात."

"तुझा असेल रे. पाण्याला ते कसं कळणार?"

ते ओगराळे त्यांनी पिंपाच्या कडेला अडकवले आणि निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या मला अरे-तुरे करू लागल्या आणि मी त्यांना ताई म्हणू लागलो.

पाणी सकाळी पाऊण तास येई, कधी तेवढेही नाही. एवढ्याशा घरात ताईंनी पाण्याच्या तीन जागा केल्या होत्या. न्हाणीत निळे पिंप. ते वापरायचे पाणी. ओट्यावर तांब्याचा हंडा, दुहेरी पांढऱ्या फडक्याने गाळून भरलेला, ते प्यायचे. आणि खाटेखाली चार-चारच्या दोन ओळींत दहा-दहा लिटरचे आठ पांढरे डबे. ते राखीव. राखीव पाण्याला त्या स्वतःसुद्धा हात लावत नसत. दर एकादशीला मात्र आठही डबे बाहेर निघत. जुने पाणी धुणे, लादी आणि कुंड्या यांत जिरे, डबे घासले जात, उन्हात पालथे पडत आणि नव्याने भरले जात. त्यांना उपासाचे काही नव्हते. एकादशी का, असे सुनंदाने विचारले तेव्हा म्हणाल्या, "पंचांग विसरत नाही आणि मी विसरते, म्हणून."

आमच्यासारख्या घरांत ताजे पाणी आले की कालचे ओतून द्यायची रीत होती. माझी आई आमच्याकडे राहायला आली, की नळाला धार लागण्याआधीच हंडा उपडा करून बसे. आणि एखाद्या दिवशी धार लागतच नसे. ताई तिला समजावून थकल्या. "वहिनी, पाणी शिळं होत नाही. भांडं शिळं होतं, हात शिळा होतो." आई मान हलवी, आणि दुसऱ्या दिवशी हंडा पुन्हा उपडा.

इमारतीत त्यांच्या घराला बारवी म्हणत, इथल्या धरणावरून. खालच्या मजल्यावरचे सामंत जिन्यात भेटले की हमखास विचारत, "काय ताई, बारवी भरली का? आमच्या डोक्यावर आहे, म्हणून विचारतो."

"भरली. तुमच्या छताला ओल आली की सांगा, सांडवा उघडते."

सामंतांच्या पत्नी, वृंदावहिनी, या हसण्यात सामील होत. पण नळाला पाणी आले नाही की कळशी घेऊन पहिल्या त्याच वर येत. ताई त्यांना पिंपातले पाणी देत. राखीव नाही. "ते अडचणीचं आहे. ही अडचण नाही, ही नेहमीचीच रड आहे," असे त्या म्हणत. हा फरक त्यांना स्वच्छ दिसत असे. आम्हाला तो कधी दिसला नाही.

एकदा त्यांच्याबरोबर मी उल्हासनगरला डबे आणायला गेलो होतो. दोन डब्यांना चिरा गेल्या होत्या. प्लास्टिकच्या दुकानात ताईंनी एकेक डबा उचलायचा, झाकण काढायचे, तोंडाला नाक लावायचे आणि बाजूला ठेवायचा, असे चालले होते. अकरा-बारा डबे झाल्यावर सिंधी दुकानदाराने हात जोडले.

"ताई, डिब्बा लेने आयी हो के लडका देखने? सूंघ-सूंघ के नया माल पुराना कर दिया."

"लडका खराब निकला तो घर छोड के जा सकते हैं, सेठ," ताई डब्यातून नाक न काढता म्हणाल्या. "ये तो पेट में जायेगा."

दुकानदाराने जोडलेले हात सोडले. मग आत गेला आणि दोन डबे घेऊन आला. "ये लो. अपने घर के लिये रखे थे."

परतीच्या रिक्षात दोघांच्या मांडीवर एकेक डबा होता. इतक्या वर्षांत न विचारलेले मी तेव्हा विचारले, की हे सगळे कशासाठी. त्यांनी मांडीवरचा डबा सावरला. मग त्यांनी सांगितले. दवाखान्यात एका दुपारी एका कामगाराला आणले होते. डोळ्यांत कसलेसे रसायन उडालेले. अशा वेळी एकच उपाय असतो, डोळे पाण्याने धूत राहायचे, अर्धा तास, न थांबता. त्या दिवशी नळ कोरडा होता. दवाखान्यात होते ते दोन किटल्या पाणी. दोन डोळ्यांना दोन किटल्या पुरत नाहीत.

"मग?"

"मग एक डोळा निवडला," त्या म्हणाल्या. "तो माणूस सारखा म्हणत होता, सिस्टर, पाणी. मी म्हटलं, नाही. माणसाला पाणी नाही म्हणून सांगितलंय मी, अरविंद."

त्यानंतर मी त्यांच्या डब्यांवर कधी विनोद केला नाही. हे मी स्वतःच्या बाजूने लिहीत नाही. ते डबे काय आहेत हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होते, एवढेच सांगायचे आहे.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्या मुलीचे, अनघाचे, बारसे होते. ताई त्याच सुमारास भाच्याच्या लग्नाला आठ दिवस नाशिकला गेल्या. जाण्याच्या दिवशी एकादशी होती. गाडीची घाई असूनही सकाळी उठून त्यांनी आठही डबे बदलले आणि किल्ली आमच्याकडे दिली. बारशाच्या दिवशी सकाळी नळाला पाणी आले नाही. चाळीस माणसे जेवायला यायची होती. स्वयंपाकीण ओट्याशी हात बांधून उभी होती.

मी किल्ली उचलली. सुनंदा पाळण्याजवळून म्हणाली, "त्यांना विचारल्याशिवाय नको हं."

"विचारणार कुठे? नाशिकला?"

"मग नको. लोकांना सांगू उशिरा या म्हणून."

मी ऐकले नाही. पुढच्या ओळीतले चार डबे आणले. बारसे छान झाले. पाहुण्यांनी मठ्ठ्याची तारीफ केली. ताईंच्या हिशेबाने ही अडचण होती की नेहमीची रड, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

ताई यायच्या दिवसापर्यंत नळाचे पाणी बारीकच येत होते. डबे भरायचे राहून गेले. त्या संध्याकाळी त्या पोहोचणार होत्या. दुपारी इमारतीने टँकर मागवला. त्याचे पाणी तळघरातल्या टाकीत पडले, आणि टाकीचा तळ किती दिवस घासला नव्हता हे कोणालाच ठाऊक नव्हते. मी रबरी नळी लावून ते चार डबे भरले. फडके लावले नाही. तपकिरी बाटली ओट्यावर समोरच होती. किती थेंब घालायचे ते मला माहीत नव्हते, आणि चुकीचे घातले तर वासाने त्यांना कळेल, असे वाटले. म्हणून काहीच घातले नाही. डबे होते तसे ओळीत लावले. सुनंदाला म्हणालो, त्यांच्यासारखेच सगळे केले आहे.

संध्याकाळी ताई लग्नातले लाडू घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "घर सांभाळलंस ना नीट?"

"हो, ताई."

सांगायचे मनात होते. पण लाडू हातात होते, अनघा रडत होती, आणि पुढच्या एकादशीला सहाच दिवस उरले होते. ते पाणी त्या दिवशी लादीवर जाणार, ते कोणी पिणार नाही, असा हिशोब मी केला. नकाशे काढणारा माणूस होतो मी. कागदावर सगळे बसले की ते उभे राहतेच, असे मला वाटे.

दोन दिवसांनी मोठी जलवाहिनी फुटली. पाणी सोडणारा चावीवाला बाळाराम जवळच्या जांभूळ गावचा होता. तो सायकलवरून फिरत इमारतीखाली थांबला आणि नेहमीप्रमाणे फक्त ताईंना हाक मारून म्हणाला, "ताई, लाईन फुटलीय. तीन दिस तरी पानी नाय. जपून वापरा."

ताई खिडकीतून आत वळल्या. पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी खाटेखालची पुढची ओळ बाहेर ओढली होती. आमच्याकडे तान्हे मूल, म्हणून एक डबा आमच्या दारात ठेवला. वृंदावहिनींची मनू चार वर्षांची होती, म्हणून दोन डबे तिकडे. ते दोन्ही डबे जिन्यातून मी खाली नेले, कारण त्यांनी मलाच हाक मारली.

वृंदावहिनी म्हणाल्या, "मनूला उकळून देते."

"सिलिंडर संपलंय ना तुझं?" ताई म्हणाल्या. "रॉकेल असलं तर अर्धी बाटली असेल. ते जेवणाला ठेव. कशाला उकळतेस, माझं पाणी आहे."

मी डबा खाली ठेवत होतो. म्हणालो, "उकळलेलं बरं, ताई. लहान आहे मनू."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागावल्या नव्हत्या. मला वाटते, त्यांना थोडी गंमत वाटली. "माझ्या पाण्याला?"

"नाही, तसं नाही," मी म्हणालो, आणि जिना चढून वर आलो.

वर येऊन मी सुनंदाला आमचा डबा उकळून घ्यायला सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले. काही न विचारता पातेले चढवले.

तिसऱ्या दिवशी मनूला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले. सामंतांनी तिला रिक्षात घालून उल्हासनगरच्या इस्पितळात नेले. सहा दिवस सलाईन लावून ठेवले होते, त्यातले पहिले दोन असे, की डॉक्टर सामंतांना वेगळे बोलावून घेत. पाण्यातून आले, एवढे ते म्हणाले. कुठल्या पाण्यातून, हे डॉक्टर कसे सांगणार. उन्हाळा होता, बाहेरचे खाणे-पिणे होते. या शंकेच्या सावलीत मी बरीच वर्षे उभा होतो. आता तिथे उभे राहण्यात अर्थ नाही.

इमारतीला मात्र शंका नव्हती. बाईने पंधरा-पंधरा दिवसांचे शिळे पाणी पोरीला पाजले. माझ्या आईनेही तेच म्हटले: "मी सांगत होते." ताई रोज इस्पितळात जाऊन वॉर्डाच्या बाहेर उभ्या राहत. चौथ्या दिवशी वृंदावहिनी बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही येत जाऊ नका." आवाज चढवला असता तर बरे झाले असते, असे ताई नंतर म्हणाल्या.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी उरलेले डबे उघडले. पुढच्या ओळीत एकच राहिला होता. त्याच्या तोंडाला त्या बराच वेळ नाक लावून बसल्या होत्या. मी दारात होतो.

"मातीचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "निवळीचा नाही. अरविंद, गाडीची घाई होती मला. मी निवळी घातली होती ना रे? तू सकाळी किल्ली घ्यायला आला होतास तेव्हा. पाहिलं होतंस का?"

मी पाहिले होते. आकडे म्हणत त्या थेंब सोडत होत्या, आणि मी बाहेर थांबलो होतो.

"मला आठवत नाही, ताई," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातली याहून वाईट कृत्ये कोणी मोजली तर सापडतीलही. यापेक्षा वाईट वाक्य मी बोललेलो नाही.

मनू बरी होऊन घरी आली. ताईंनी आठही डबे भंगारवाल्याला देऊन टाकले. पुढे एखादी बाई त्यांच्याकडे काही कामाने आली आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, की ती म्हणे, "नको, आत्ताच पिऊन निघाले." प्रत्येकजण आत्ताच पिऊन निघालेला असे. महिन्याभराने ताईंनी पेला पुढे करणे सोडले. सुनंदा मला दोनदा म्हणाली, "सांगून टाका." मी दोनदा "उद्या" म्हणालो, तिसऱ्यांदा तिने विचारले नाही, आणि त्या न विचारण्यासह आम्ही संसार केला. ब्याण्णव साली ताईंनी घर विकले आणि उल्हासनगरला एका बैठ्या चाळीत खोली घेऊन राहायला गेल्या. जाताना किल्ल्या नव्या मालकाला द्यायला माझ्याकडेच ठेवल्या. म्हणाल्या, "तू आहेस म्हणून बरं."

सहा वर्षांनी अंबरनाथ स्थानकाबाहेर बाळाराम भेटला. तो आता साहेबांच्या गाडीवर होता. ताईंकडे अधूनमधून जात असे.

"ताई पार बदलल्या," तो म्हणाला. "घरात दोन बादल्या, बस. पानी गेलं की कलशी घेऊन दुसऱ्याच्या दारात. मी म्हनलं, ताई, तुमी? तर म्हनतात, माझ्या हाताचा भरवसा नाय राहिला बाळाराम."

पुढच्या रविवारी दुपारी मी गेलो. ताई वाळल्या होत्या, केस पूर्ण पांढरे. मला पाहून आनंदल्या, अनघाची चौकशी केली. मी बसण्याआधीच सांगायला लागलो, कारण बसलो असतो तर पुन्हा उद्यावर गेले असते. बारसे, चार डबे, टाकी, रबरी नळी. संपल्यावर त्यांनी प्रश्न विचारले, तेही दवाखान्यात रुग्णाला विचारावेत तसे.

"पुढची ओळ?"

"हो."

"फडकं?"

"नाही लावलं."

"नळी कुठली होती?"

"पंपाजवळ पडलेली."

"आणि त्या दिवशी सकाळी, मी जायच्या आधी. तू दारात होतास."

"होतो. तुम्ही निवळी घातली होती. मी पाहिलं होतं."

मग स्वतःशीच बोलावे तसे म्हणाल्या, "म्हणजे घातली होती." थोड्या वेळाने पुन्हा, "घातली होती मी." त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलेले मी पाहिले, आणि ते सात वर्षे तिथे मी ठेवले होते हेही त्याच वेळी पाहिले. माफीचे शब्द मी घरून ठरवून आणले होते. ते बोललो. त्यांनी ते ऐकल्याचे दाखवले नाही.

"वृंदाला सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे आधी कशाला आलास? पोरगी तिची होती."

त्याच संध्याकाळी मी सामंतांच्या दारात उभा राहिलो. वृंदावहिनींनी चहा केला. मनू कोपऱ्यात अभ्यास करत होती, अकरा वर्षांची. मी तिच्यासमोरच सगळे सांगितले. वृंदावहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, मग सामंतांकडे पाहिले.

"भाऊजी, ताईंनी पाठवलं का तुम्हाला?"

"नाही. मी आपणहून आलो."

"मन मोठं आहे तुमचं. एवढ्या वर्षांनी त्यांच्यासाठी स्वतःवर घेताय."

"वहिनी, मी स्वतःवर घेत नाही. मी केलंय ते."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. टाकी, नळी, कुठल्या ओळीतले डबे. जितके तपशील देत गेलो तितके ते त्यांना रचलेले वाटत गेले. सामंत हसून म्हणाले, "जाऊ द्या हो. म्हातारं माणूस आहे, डाग धुवून जावा असं वाटणारच."

"मी कधीच माफ केलंय त्यांना," वृंदावहिनी म्हणाल्या. "सांगा तुम्ही. मनात ठेवू नका म्हणावं."

मनूने वहीतून डोके वर काढले. "कोणाला माफ केलंस, आई?"

"तू लहान होतीस. लिही."

मी तिथून निघालो तेव्हा माझ्याविषयीचे त्यांचे मत पूर्वीपेक्षा चांगले झाले होते.

पुढच्या रविवारी हे ताईंना सांगायला जाणे मला पहिल्या वेळेपेक्षा अवघड गेले. त्यांच्या खोलीत खाटेखाली एक नवा पांढरा डबा होता. जे झाले ते मी जसेच्या तसे सांगितले. ऐकताना त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"माफ केलं म्हणाली?"

"हो."

"बरं."

"मी पुन्हा जातो, ताई. सुनंदाला घेऊन जातो. तिला माहीत आहे सगळं."

"नको." त्यांनी सूप बाजूला ठेवले. "तिचं पोर मरणाच्या दारातून परत आलं. सात वर्षं राग धरून कशीबशी माफ करून मोकळी झालीय ती. आता नव्यानं तुझ्यावर धरायला लावू नकोस. एवढं बळ नसतं माणसात."

"पण ते खरं नाही."

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे." त्यांनी सूप पुन्हा जवळ ओढले. "तेवढं पुरेसं वाटत नाही ना तुला? नाही वाटणार."

माझ्यावर त्या रागावल्या असत्या तर तो राग मी जपून ठेवला असता. त्यांनी मला क्षमाही केली नाही. केली असती तर ती मला घेता आली नसती, हे त्यांना कळले असावे. त्यांनी मला माझ्याजवळ तसेच राहू दिले. त्यानंतर दोन वर्षांनी त्या गेल्या. बाळारामचा निरोप आला तेव्हा मी कारखान्याच्या कामाने बाहेरगावी होतो, पोहोचू शकलो नाही. मला त्या शेवटच्या दिसल्या त्या याच रविवारी.

मी उठलो, तशा त्याही उठल्या आणि चाळीच्या पायरीपर्यंत आल्या. शेजारची सिंधी बाई बाहेर खाटेवर पापड वाळत घालत होती. मी चार पावले गेलो असेन. मागून तिचा आवाज आला.

"कौन था, ताई? पिछले इतवार भी आया था. रिश्तेदार है?"

मी वळून पाहिले. ताई पायरीवर उभ्या होत्या. उन्हामुळे त्यांनी कपाळावर हात धरला होता आणि त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

"नहीं," त्या म्हणाल्या. "बदलापुर में बाजू में रहता था."

"अपने जैसा लगा, इसलिये पूछा."

"नहीं, नहीं," ताई म्हणाल्या. "पडोसी."